आधी अप्पांना विचारू

डॉक्टर मॅडम चपला दाराबाहेर काढून आत येतात. दादा फाइल पुढे करतो. ती न उघडताच बाजूला ठेवून त्या स्टूल ओढतात आणि अप्पांच्या पलंगाशी बसतात.

"काका, आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

अप्पा आधी आईकडे बघतात. मग म्हणतात, "कंबर. कूस बदलली की जीव जातो."

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. आत्ता किती?"

"निजून राहिलो तर चार-पाच. उठवलं की नऊ."

सोबत आलेल्या सिस्टर वहीत आकडा लिहितात. रक्ताचे, स्कॅनचे आकडे आमच्या फाइलीत ढिगाने आहेत. दुखण्याचा आकडा आज पहिल्यांदा लिहिला जातोय.

आमचं घर धनकवडीत, दुसऱ्या मजल्यावर. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. स्वारगेटची गाडी घेऊन महाबळेश्वर, चिपळूण, कोल्हापूर असे रस्ते त्यांनी पालथे घातले. वय आता 79. फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात आणि यकृतात उतरलाय. केमो झाली, तरी आजार थांबला नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत: दुसऱ्या प्रकारची केमो करून बघता येईल, नाहीतर घरी ठेवून पॅलिएटिव्ह केअर द्या. डिस्चार्जच्या कागदावर त्याच्याच खाली 'एंड ऑफ लाइफ केअर' असंही लिहिलेलं आहे. यातलं काय करायचं ते ठरवायला आज सगळे जमलोय. ताई न्यू जर्सीत आहे. तिकडे मध्यरात्र उलटली आहे, पण ती मोबाइलच्या पडद्यावर जागी बसली आहे. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलाय. आई अप्पांच्या पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळते आहे.

दादा मॅडमना खुणेने गॅलरीत बोलावतो. मीही मागोमाग जाते.

"मॅडम, एक विनंती आहे. त्यांच्यापुढे कॅन्सर हा शब्द काढू नका. छातीत गाठ आहे, औषधाने विरघळेल, एवढंच सांगितलंय आम्ही."

"मी आपणहून काही सांगणार नाही," मॅडम म्हणतात. "पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. किती जाणून घ्यायचं ते त्यांनाच ठरवू दे."

"बरं. पण आम्ही नक्की निवडायचं काय? पॅलिएटिव्ह की एंड ऑफ लाइफ? दोन्हीचा अर्थ शेवटी तोच ना, की आता काही करायचं नाही?"

"दोन्हींमध्ये करण्यासारखं खूप असतं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, उलट्या, झोप न लागणं, मनातली भीती या सगळ्यांवरचे उपचार. निदान झालं त्या दिवसापासून ते केमोच्या जोडीने सुरू करता येतात आणि कितीही काळ चालू ठेवता येतात. एंड ऑफ लाइफ केअर हा त्यातलाच शेवटचा टप्पा. आजार आता मागे फिरणार नाही आणि हातात थोडे आठवडे किंवा दिवस आहेत असं दिसू लागलं की तो सुरू होतो. त्यामुळे तुम्हाला या दोघांतून एक निवडायचं नाहीये. आणखी केमो करायची का, त्यातून काय मिळेल आणि त्यासाठी काय सोसावं लागेल, हे ठरवायचंय. तेही काकांनी."

दादा बँकेत आहे, त्याला आकडे पटतात. मॅडम त्याला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातला अभ्यास सांगतात. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या 151 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला फक्त कॅन्सरचे उपचार, दुसऱ्याला ते उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचे दिवस जास्त सुखाचे गेले, शेवटी-शेवटी होणारे जड उपचारही त्यांच्या वाट्याला कमी आले. तरी ते अधिक जगले. मध्यक आयुष्य त्यांचं 11.6 महिने, पहिल्या गटाचं 8.9. दादा काही बोलत नाही, मोबाइलमध्ये ते आकडे टिपून घेतो.

तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज येतो. "तिकडे काय कुजबुजताय? माझ्याबद्दल असेल तर माझ्यापुढे बोला."

आम्ही आत येतो. मॅडम पुन्हा स्टुलावर बसतात. "काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"यांनी सांगितलंय गाठ आहे म्हणून." अप्पा दम घेतात. "पण केमोला न्यायचे तिथे दारावर पाटी होती. वाचता येतं मला."

दादा खाली बघतो. आईचा हात क्षणभर थांबतो, मग पुन्हा तळवे चोळू लागतो.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारते.

"तुम्ही एवढं झाकताय म्हटल्यावर मीच उघडं कशाला करू? उगाच तुम्हाला त्रास."

मॅडम विचारतात, "आणखी किती ऐकायचंय तुम्हाला?"

"सगळं. किती दिवस आहेत?"

"नेमके दिवस कुणालाच सांगता येत नाहीत. तुमची भूक, वजन, हिंडणं-फिरणं बघता वर्षाची भाषा मी करणार नाही. थोडे महिने मिळतील, कदाचित आठवडेच."

मोबाइलमधून ताईचा हुंदका ऐकू येतो. अप्पा तिकडे मान वळवतात. "रडून घे बाळ. पण फोन ठेवू नकोस."

आता केमोचा विषय निघतो. मॅडम विचारतात, दिवसातला किती वेळ पलंगावर जातो? जवळजवळ सगळाच, असं आई सांगते. अर्ध्याहून जास्त दिवस अंथरुणात जात असेल तर अशा केमोचा फायदा सहसा तोकडा आणि त्रास मोठा असतो, मॅडम समजावतात. कॅन्सरचे डॉक्टरसुद्धा केमो देण्याआधी हीच मोजपट्टी लावतात. आजार फार तर काही काळ थोपेल. त्यासाठी हॉस्पिटलच्या खेपा, सुया, अशक्तपणा आणि जंतुसंसर्गाची जोखीम घ्यावी लागेल.

"मग नको," अप्पा म्हणतात.

"अप्पा, पैशाचा विचार तुम्ही करू नका," दादा घाईने म्हणतो.

"पैशाचा नाही करत रे." अप्पा डोळे मिटतात, पण बोलायचे थांबत नाहीत. "पसरणीचा घाट उतरताना नवे ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करायचे, डिझेल वाचतं म्हणून. मी शिव्या घालायचो त्यांना. चढाला इंजिन ओढतं, पण गियर अन् ब्रेक खरे लागतात ते उताराला." मग डोळे उघडून मॅडमकडे बघतात. "मला न्यूट्रल नका करू, म्हणजे झालं."

"नाही करणार काका. उताराला तर आम्ही जास्त वेळा येऊ."

माझ्या समोर दोन माणसं एका मिनिटात एकमेकांना समजून घेतात. एवढी सगळी मोठमोठी नावं लिहिलेला तो डिस्चार्जचा कागद आम्हाला हे समजावू शकला नव्हता.

आणि लगेच दिसतंच की काही न करण्याची ही वाट नव्हे. मॅडम सांगतात की कंबरेच्या हाडातल्या दुखण्यावर रेडिएशन देता येतं, तेही एकाच दिवसाचं. एका बैठकीत 8 ग्रेचा डोस. दुखणं कमी करण्यापुरतं ते अनेक दिवसांच्या रेडिएशनइतकंच काम करतं, दहातल्या साधारण सहा जणांना आराम पडतो.

"पण ते आत्ताच करायला हवं. गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. अगदी शेवटचे दिवस आले की मी स्वतःच नको म्हणेन, कारण तेव्हा गाडीत घालून नेण्याचा त्रास तेवढा होईल, फायदा पदरात पडणार नाही."

आता कागदावरच्या त्या दोन नावांतला फरक मला नीट कळतो. आज जो उपचार अगदी योग्य आहे, तोच पुढच्या टप्प्यात छळ ठरू शकतो. गोळ्यांचंही तसंच. अप्पांच्या डब्यात कोलेस्टेरॉलची गोळी आहे, कॅल्शियम आहे, व्हिटॅमिनच्या दोन आहेत. मॅडम एकेक पाकीट बाजूला काढतात. पुढच्या दहा वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आता कशाला गिळायच्या? अप्पांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसतं.

रेडिएशनचा गुण येईपर्यंत मॉर्फिन. हा शब्द निघताच दादा अस्वस्थ होतो. "म्हणजे शेवटचंच ना? त्याने व्यसन लागतं म्हणतात. श्वासही थांबतो."

"थोड्या डोसने सुरू करून, दुखणं मोजत मोजत वाढवलं तर श्वास थांबत नाही. दुखण्यासाठी घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीतीही धरू नका. गोळी दर चार तासांनी द्यायची. दुखायची वाट बघत बसायचं नाही, घड्याळ बघून द्यायची. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. पहिले काही दिवस मळमळेल, गुंगी येईल, मग ते कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. ते विसरलात तर काका मला शिव्या घालतील."

सिस्टर वहीच्या पानावर घड्याळाचे काटे काढून आईला वेळा समजावतात. आई विचारते, एवढं चांगलं औषध आहे तर आधी का नाही दिलं? त्याचं उत्तर आमच्या घरापुरतं नाही. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनतं. आपण जगाला अफू पुरवत आलो, आणि आपल्याच माणसांना गोळी मिळेना. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवाने इतके किचकट केले की औषध दुकानांनी आणि हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी अजून सगळीकडे ते मिळत नाही, आणि काही डॉक्टरांचा हातही ते लिहिताना अडखळतो. मधल्या काळात किती माणसं कळवळत गेली असतील, या विचाराने मला राग येतो.

आईची काळजी वेगळीच आहे. "दोन घास खात नाहीत हो. मी काय त्यांना उपाशी ठेवू? सलाईन तरी लावा."

मॅडम उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसतात. "काकू, ते जेवत नाहीत म्हणून शरीर खालावतंय असं नाही. आजाराने शरीर खालावलंय म्हणून भूक मेली आहे. तुम्ही काही कमी करत नाही. मागतील ते द्या, मागतील तेव्हा द्या. दोन चमचे पेज, आमटीचं निवळ पाणी, बर्फाचा खडा. बळजबरी केली तर ठसका लागेल. शेवटच्या दिवसांत सलाईनचं पाणी शरीराला पेलत नाही. अंगावर सूज येते, छातीत साठतं, घरघर वाढते. तेव्हा ओठ आणि तोंड ओलं ठेवायचं, ते तुम्हीच करायचं."

"पिठलं चालेल?" अप्पा विचारतात.

"पळेल!"

आई उठते. वहिनीही तिच्यामागे स्वयंपाकघरात जातात.

मग सगळ्यात अवघड गोष्ट. मॅडम ती अप्पांच्या तोंडावरच विचारतात. "काका, एखाद्या रात्री श्वास खूप बिघडला, हृदय थांबलं, तर काय करावं असं तुम्हाला वाटतं? छाती दाबून, नळी घालून मशीन लावता येतं. पण आजार या टप्प्यावर असताना त्यातून घरी परत येणारा माणूस विरळा. हाडं ठिसूळ झाली आहेत, फासळ्या मोडतील."

"मशीन नको. आयसीयू नको. इथेच, या पलंगावर." थोडं थांबून अप्पा दादाकडे बघतात. "आणि याला नंतर कुणी बोल लावायचा नाही, हे पण लिहा."

दादाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला खरी भीती हीच आहे, की नातेवाईक म्हणतील, बापाला हॉस्पिटलात नेलं नाही. दुसरी भीती कायद्याची. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांचं नाव तो घेतो. 1973 च्या हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ अंथरुणावर होत्या आणि 2015 मध्ये गेल्या. त्यांना दयामरण मिळावं म्हणून केलेल्या याचिकेवर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, एवढं त्याला आठवतं. पुढचं मॅडम सांगतात. 9 मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शुद्धीवर असलेला प्रौढ माणूस कुठलाही उपचार नाकारू शकतो. पुढे शुद्ध हरपली तर काय करावं, हे आधीच लिहून ठेवता येतं. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित मोहोर, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं. रुग्ण शुद्धीत नसताना लावलेलं मशीन काढायचं असेल तर डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात. अप्पा आज शुद्धीत आहेत, स्वतः नको म्हणत आहेत. त्यामुळे मॅडम त्यांचे शब्द फाइलीत तसेच उतरवतात: छाती दाबू नये, व्हेंटिलेटर नको, वेदना आणि धाप यांवर सर्व उपचार करावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2020 मध्ये छाती न दाबण्याच्या अशा नोंदीबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अप्पा सही करतात. ड्रायव्हरच्या लॉगबुकावर करायचे तशीच, पूर्ण नाव लिहून.

ताई पडद्यावरून विचारते, "मी कधी येऊ?"

"लवकर ये," अप्पा आणि मॅडम जवळजवळ एकदमच म्हणतात.

पुढच्या टप्प्यात काय दिसेल, हेही मॅडम आत्ताच सांगून ठेवतात, म्हणजे रात्री दोन वाजता घाबरून पळापळ होणार नाही. झोप वाढेल. लघवी कमी होईल. हातपाय गार पडतील. श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होईल. घशात घरघर होईल. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका त्रास पेशंटला होत नसतो. कुशीवर वळवायचं, गरज पडली तर इंजेक्शनने कमी होते. गोळी गिळता येईनाशी झाली की औषध कातडीखालच्या बारीक सुईतून देता येतं, त्यासाठी हॉस्पिटल लागत नाही. सिस्टर एक नंबर भिंतीवर चिकटवतात: रात्री काहीही झालं तर आधी हा फोन. धाप लागली तर उशा देऊन बसतं करायचं आणि चेहऱ्यावर पंख्याचं वारं घ्यायचं. एवढ्याशा वाऱ्यानेही धाप हलकी वाटते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला डॉक्टरांनी द्यावा लागतो, त्याचा फॉर्म 4अ. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आत्ताच बोलावून अप्पांना दाखवून ठेवायचं. नाहीतर ऐन वेळी दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं. घरात झेपेनासं झालं तर जाण्याच्या जागाही आहेत. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत आणि घरच्यांना शुश्रूषाही शिकवतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. अप्पांना घरीच राहायचं आहे, पण ही नावं कळल्यावर वहिनींचे खांदे जरा सैल होतात. सगळी रात्र जागणार त्याच आहेत.

मॅडम निघतात. रेडिएशनची चिठ्ठी दादाच्या हातात आहे, तो लगेच फोन लावतो. पिठलं झालंय. अप्पा तीन घास खातात, मीठ कमी आहे म्हणतात.

घरात असं आजारपण असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. आईवडिलांना ज्या दिवशी असा आजार निघेल त्याच आठवड्यात पॅलिएटिव्ह केअरवाल्या डॉक्टरांची भेट मागा, केमो चालू असली तरी मागा. कुणी 'आता काही करण्यासारखं नाही' म्हणालं तर 'दुखण्यासाठी काय करता येईल?' असं विचारा. प्रत्येक उपचाराबद्दल विचारा, यातून काय मिळेल, किती दिवसांनी मिळेल आणि तोवर काय सोसावं लागेल. मशीन हवं की नको ते त्यांच्या तोंडून ऐका, ते बोलू शकतात तोवर ऐका, आणि लिहून सही घ्या. भावंडांनी त्यांच्या पाठीमागे बैठका घेऊ नयेत. शेवटच्या आठवड्यात बोलावलं तरी हे डॉक्टर येतीलच, पण काही उपचारांची वेळ तोवर निघून गेलेली असते.